एक टोपण तेल

...नाही ना ठेवला विश्वास! एकानंही नाही. घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते, एक टोपण तेल घालते मी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर इवलंसं टोपण असतं ना, तेवढंच. ह्यांची साखर वाढली त्या दिवसापासून घरात तेलाला चमचा बंद, टोपण सुरू. सकाळी कुकरमध्ये मूग टाकायचे, दुधी, गाजर, मूठभर पालक, जरा आलं-जिरं, आणि शिट्टी होईस्तोवर माझी वेणी घालून होते. वरून लिंबू पिळलं की डबा तयार. झटपट, पोटाला हलकं, आणि भाजीवालीनं टोपलीच्या तळाशी ढकललेलं घेतलं तर खिशालाही हलकं. आणखी काय करायचं बाईनं?

तरी ह्यांची साखर उतरेना. पोट तर असं सुटलं, की शर्टाची बटणं दोरा तोडून पळायला लागली.

आता तुम्हीच सांगा, डॉक्टर कुणावर डोळे वटारणार? माझ्यावर. "बाई, तेलाचा हात आवरा. पुढच्या तपासणीतही हेच दिसलं तर रोज सुई टोचावी लागेल." अहो, एक टोपण घालते मी! सासूबाई शेजारच्याच खुर्चीत. "हिचा हात मुळातच सैल हो, डॉक्टर." आणि हे? हे मान खाली घालून बसलेले, जसं काही मी रोज ह्यांना आडवं पाडून तोंडात तूप ओतते. बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाले, "मला सुईची फार भीती वाटते गं." दुसऱ्या दिवसापासून ते टोपणसुद्धा काठोकाठ भरलं नाही मी.

आणि दम भरला. गल्लीत मला तोफ म्हणतात ते उगीच नाही. म्हटलं, "डबा रिकामा परत आला पाहिजे. एक दाणा दिसला तर उंबऱ्यावरच उभं करीन." आला की हो, रोज रिकामा. इतका लख्ख, की घासावा का असा प्रश्न पडायचा.

मग आज हे चष्मा विसरून गेले. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम ह्यांचं, चष्म्याशिवाय स्वतःचं बोट शिवून ठेवतील, म्हणून मधल्या सुट्टीत धावले मी. बघते तर काय... कागदाच्या गठ्ठ्यावर माझा डबा उघडा, आणि त्यात हात तिथल्या छपाईच्या मशीनवाल्याचा. हे समोर बसून मशीनवाल्याच्या डब्यातलं तळणीचं हाणतायत, कोपरापर्यंत तेलाचे ओघळ आलेले.

मशीनवाला लगबगीनं उठला. "वहिनी, तुमच्या हाताला काय गुण आहे हो. माझी साखर पार खाली आली. डॉक्टर म्हणतो, हेच खात राहा."

ऐकलंत? माझ्या डब्यानं साखर उतरली. उतरली, पण मशीनवाल्याची!

ह्यांना विचारलं, हे काय आहे? तर तोंडातला घास गिळत म्हणतात, "डबा रिकामा आला पाहिजे म्हणालीस. मीच खाल्ला पाहिजे असं कुठं म्हणालीस?"

घरी आणून सासूबाईंपुढे उभं केलं. म्हटलं, आता तरी पटलं का, एक टोपण घालते मी? सासूबाईंनी लेकाला आपादमस्तक न्याहाळलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोराचा स्वभावच भिडस्त. मित्रानं मागितलं तर नाही कसं म्हणेल? पण मी म्हणते, पथ्याच्या डब्याला एवढी चव आणावीच कशाला? बेचव केला असतास तर मागितला असता का कुणी?" आणि हे मान डोलावतायत, सुटका झाल्यासारखे.

आता उद्यापासून दोन डबे, दोन टोपणं, आणि ह्यांनी आपलाच खाल्ला का ते बघायला सुट्टीत मी जातीनं हजर. साखर उतरली तर ती पोराच्या निग्रहानं उतरली असं सासूबाईंनी आत्ताच जाहीर केलंय. नाहीच उतरली, तर सुईचं पाप कुणाच्या माथी तेही ठरलंय. ह्यांच्या नाही, मशीनवाल्याच्या नाही, तळणीच्यासुद्धा नाही. एकच नाव आहे हो घरात त्यासाठी... तोफ.