मत पोचलं नाही

नाही हो चंद्रप्रभाताई, ब्लॉकचेन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ — एकदा नोंदलेलं मत ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही, हे मी मंडळाचा हॉल विकायच्या मतदानाआधी सांगितलं ते खोटं नव्हतं. तुमचं मत खोडलंच नाहीये कुणी. अच्छा, मग नोंदीत दिसत का नाही? — बसा आधी. असं बघा, ब्लॉकचेनच्या त्या साखळीवर मत टाकायला दर खेपेला फी पडते, फोनात डिजिटल पैशांचं वॉलेट लागतं, आणि आपल्या गाझियाबादच्या मंडळात निम्मे पेन्शनर, कुणाला जमणार? मीच आमच्या अर्णवला म्हटलं, बेटा, काहीतरी सोपं कर. पोराने मध्ये रिले बसवला. आपण फोनवर नुसती सही करायची, रिले ती उचलून साखळीवर नेणार, फीसुद्धा तोच भरणार. हुशार आहे हो! श्यामकांत सांगतोय म्हणजे झालं, म्हणून तुम्ही सगळ्यांनी फोन काढलेत. हिरवी खूण आली की मत पोचलं, हेही मीच सांगितलं. ती खूण रिलेने सही घेतल्याची — पुढे नेल्याची नाही. काय म्हणालात, बिघाड? बिघाड असता तर दोन्हीकडची मतं अडकली असती. अडकली ती फक्त ‘विकू नका’वाली... तीसुद्धा सगळी नाही, लोकांना संशय आला असता ना — हॉल विकायला बहुमत होईल एवढीच.

हे मी बोलायला नको होतं.

तुमचंच नाही ताई, माझंही अडकवलं. कौतुकाने माझं मत शोधायला गेलो, तर नाहीच! विचारलं, तर जेवता जेवता म्हणतो, “बाबा, तुम्ही इमोशनल होता यार, म्हणून होल्ड केलं.” हॉल घेणाऱ्या बिल्डरचीच कामं करतो तो, हेही मला तेव्हा कळलं. त्या हॉलमध्ये त्याची मुंज झाली, त्याच्या आईची शोकसभा झाली — कुंपणानेच शेत खाल्लं हो. परक्याने फसवलं असतं तर गल्लीभर ओरडलो असतो. पोटच्या पोराविरुद्ध कुणाकडे ओरडू? आणि वर तो विचारतो, भाजीत मीठ कमी आहे का.

गाडी लागली वाटतं खाली, तोच असेल. चलो, निघा तुम्ही, लिफ्टने नको, जिन्याने जा. आणि हे बघा, रविवारच्या सभेत माझ्याकडे बघून विचारू नका — सगळी मतं पोचली का म्हणून. विचारलंत, तर मी खरं सांगून बसेन.