अकरा दिवसांची गळती

व्यासपीठावर विराजमान माननीय अध्यक्ष महोदय, सचिव मोतीरामभाऊ, आजचे सत्कारमूर्ती सलाउद्दीनचाचा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी गुलजारबी चाची, आपल्या रुग्णालयाचे डॉक्टर, सिस्टर, मावश्या, माझे ड्रायव्हर मित्र आणि बंधु-भगिनींनो,

मी भिमाजी गांगुर्डे, दोन नंबरच्या रुग्णवाहिकेचा चालक. सूत्रसंचालक मनाली मॅडमनी मला तीन मिनिटं दिली आहेत. ड्रायव्हरला माईक आणि मेकॅनिकला शाल, असा योग आपल्याकडे रोज येत नाही. त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तर मॅडम, चिठ्ठी जरा उशिरानेच पाठवा.

आत्ता सचिवसाहेब चाचांबद्दल फार चांगलं बोलले. सव्वीस वर्षांची सेवा, निष्ठा, सचोटी. शेवटी म्हणाले, 'वयोमानानुसार हात मंदावतात, तो निसर्गनियमच आहे.' आपण टाळ्या वाजवल्या. चाचांनीही वाजवल्या. मला मात्र वाजवता आल्या नाहीत.

चाचांना साठ पूर्ण झाली तरी दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार, हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. मग आज हा नारळ का? कारण बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ आहे : 'दोन नंबरच्या गाडीची ऑइल गळती शोधण्यास मेकॅनिकला अकरा दिवस लागले.' अकरा दिवस लागले, हे खरं आहे. का लागले, ते या सभागृहात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक शाल पांघरून बसलाय आणि दुसरा तुमच्यासमोर उभा आहे.

दसऱ्याला आपण गाड्या धुतो. माझी गाडी जुनी, पण माझा तोरा नव्या गाडीचा. मी म्हटलं, यंदा इंजिनही लखलखीत करू. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती खाली लोंबते. पंपाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी तिच्या तोंडात फडका कोंबला, चांगला आतवर. मग हार आला, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि फडका राहिला तिथेच.

दोन दिवसांनी गाडीखाली तेल दिसलं. चाचांनी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. तिथलं थांबलं, तर पुढच्या सीलमधून सुरू. सील बदललं, तर खालच्या चेंबरमधून. माणूस जेवायला जाईना. सचिवसाहेब रोज येऊन विचारायचे, 'काय चाचा, नजर कमी झाली का?' चाचा हसायचे. ते हसणं मला बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी इंजिन कोरडं पुसून त्यावर अंगाला लावायची पावडर फासली आणि गाडी फिरवून आणायला सांगितली. मी परत आलो तेव्हा त्या पांढऱ्या पावडरीत तीन ठिकाणांहून तेलाचे ओघळ उतरले होते. चाचा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "भीमा, ये गळत नाय रे. आतनं कायतरी ढकलतंय तेलाला."

आणि मला फडका आठवला.

अध्यक्ष महोदय, त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर काम संपलं असतं. मी का बोललो नाही? सात वर्षं मी कंत्राटी होतो. कायम करण्याची माझी ऑर्डर पुढच्याच सोमवारच्या बैठकीत निघणार होती, आणि सचिवसाहेबांनी बजावलं होतं की गाडीची हयगय कुणाची निघाली तर त्याला घरी बसवू. म्हटलं, संधी साधून गुपचूप काढू. पण चाचा गाडीपासून हलतच नव्हते.

अकराव्या दिवशी दुपारी दिंडोरीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. शकुबाई नावाच्या आजींना श्वास घेता येत नव्हता. एक नंबरची गाडी बाहेरगावी. चाचा म्हणाले, "चल, मी पण बसतो." आजींना घेतलं, लता सिस्टरांनी ऑक्सिजन लावला आणि आम्ही नाशिकला निघालो. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून धूर आला. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडून जळत होतं. मागे ऑक्सिजन चालू. आग लागायला याहून जास्त काय लागतं? सिस्टर ओरडल्या, "भिमाजी, गाडी थांबवा! आणि लवकर काहीतरी करा, ह्यांचा ऑक्सिजन मी काढू शकत नाही!"

गाडी कडेला घेतली. चाचा बॉनेट उघडून वरची झाकणं चाचपत होते. आत आजींची घरघर ऐकू येत होती. माझ्या तोंडून निघालं, "चाचा, ब्रीदर बघा. फडका आहे आत. माझाच."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग साठीचा तो माणूस भर रस्त्यात गाडीखाली उताणा झाला. गरम तेल मनगटावर ठिबकत असताना पकडीने त्यांनी तो फडका ओढून काढला. सायलेन्सर पुसला, तेल भरलं आणि म्हणाले, "चलाव." अर्ध्या तासात आम्ही इथल्या दारात होतो. आजी वाचल्या. चाचांच्या मनगटावरचा डाग आजही शालीखाली आहे.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कधीपास्नं ठाऊक होतं?"

म्हटलं, "दोन दिवस."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुझी ऑर्डर निघू दे. हापिसात मी बघतो." सोमवारी त्यांनी बैठकीत सांगितलं, 'नळी चोकली होती, मला उशिरा कळलं.' त्याच बैठकीत माझी ऑर्डर निघाली आणि त्यांची मुदतवाढ गेली.

मनाली मॅडम, चिठ्ठी मिळाली. दोनच वाक्यं राहिली आहेत. चाचा, तुम्ही मान हलवून मला खाली बसायला सांगताय, पण आज मी तुमचं ऐकणार नाही.

अध्यक्ष महोदय, हे सगळं मी सहीनिशी लिहून आणलं आहे. ते आपल्यासमोर ठेवतो. माझ्या ऑर्डरचं काय करायचं ते आपण ठरवा, पण चाचांच्या नावापुढची ती ओळ आधी खोडा. चाचांसारख्या माणसाबद्दल बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल संस्थेचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं उदार मनाने पोटात घाला. त्या दोन दिवसांच्या गप्प बसण्याची माफी मात्र या सभागृहाकडे मागत नाही. ती चाचींकडे मागतो.

चाची, यांचे हात मंदावले नव्हते. माझं तोंड उघडलं नव्हतं.