केरूचा खांदा

साहेब, आजारी माणसाला इकडून तिकडे टोलवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात, मानसोपचाराच्या रांगेत, राजापूरकडची राही धाकट्या भावाला, केरूला, घेऊन उभी होती. मागच्यांना सगळं ऐकू येत होतं.

“आज डोक्यातला आवाज काय म्हणतो रे?”

“तुझ्या चहात साखर कमी, म्हणतो.”

“त्याला म्हणावं, स्वतः करून पी.”

“हसू नको गो आक्के. शिमग्याला पालखी नाचवायला देतील मला?”

“का नाय देणार? अंगणात बांबूला भाताचं पोतं बांधून सराव केला तो कशाला? मागचा खांदा मीच दिला. अजून ठणकतोय, मेल्या!”

“तू बुटकी. पोतं सारखं तुझ्याकडेच घसरायचं.”

“जन्मापासून सगळं माझ्याकडेच घसरतंय.”

“पण प्यालेल्याला पालखी देत नाय. आणि नाय प्यालो की तो आवाज ओरडायला लागतो.”

“म्हणून तर गोळ्या घ्यायला आलो ना.”

खिडकी आली. आतल्या साहेबांनी केरूकडे बघत विचारलं,

“दारू पितो?”

राहीने डोळे वटारले, पण केरूला खोटं कधी जमलंच नव्हतं.

“काल प्यालो, साहेब.”

“मग आधी व्यसनमुक्तीला न्या. दारू सुटली की इकडे आणा.”

राहीने खिडकीची कड घट्ट धरली.

“तिकडूनच आलो. ते म्हणाले, आधी आवाज बंद करून आणा. दोन्ही दुखणी एकाच माणसाला झालीत, साहेब. दोन्ही एकदम बघणारा तुमच्यात कोण हाय? त्याचं नाव सांगा.”