कोच कुठेही जात नाहीत

नाही हो एकनाथभावजी, तो पेपर आधी कोटाच्या खिशात घाला — आमचा शैलेंद्र मागच्या अंगणातच आहे. धप् धप् ऐकू येतंय ना? इथल्या या नोव्हाय गावच्या थंडीत, स्वतः फावड्याने बर्फ काढून, गॅरेजला गादी टेकवून बॉल मारतोय. इथला तो हाताने खेळायचा फुटबॉल, त्यात किक मारणारा आमचाच. ज्या कॉलेजात जाणार तिथले कोच म्हणाले होते, हिवाळ्यात पाय थंड पडू द्यायचा नाही — मग काय, वेदवाक्य. पेपरात काय आहे, पैसेवाली प्रो टीम त्यांना कॉलेजातून न्यायला बसलीय, हेच ना? सत्त्याऐंशी साल उजाडल्यापासून रेडिओवर तेच. ह्यांच्या ऑफिसातले गोरे तर हसतात — कोच ‘जात नाही’ म्हणाला की बॅग भरली समजा म्हणे. असतील कुणी तसले. आमचे कोच या घरात येऊन गेलेत, तुम्ही बसलाय त्याच सोफ्यावर. दोनदा शिरा मागून घेतला. मी विचारलं, माझ्या इंग्लिशमध्ये, की चारही वर्षं तुम्हीच असाल ना? कारण मुलगा मी कॉलेजला देत नाहीये, तुम्हाला देतेय. तर म्हणाले, मॅम, मी कुठेही जात नाही.

मग मी शैलेंद्रला म्हटलं, पाया पड. इथेच जन्मलेला तो, ‘आई, प्लीज’ करत लाजला, पण वाकला — आणि कोचनी झटकन पाय मागे घेतला. त्यांना वाटलं, बुटाची लेस सुटलीय. किती हसलो आम्ही. पण नमस्कार तो नमस्कारच ना? त्यांना नसेल कळला, आम्हाला तर कळला होता. म्हणून तर ओहायोच्या कॉलेजचा फोन आला तेव्हा मीच सांगितलं, नको. शैलेंद्र म्हणत होता, आई, दोन्ही कॉलेजं हातात ठेवू, पक्की सही फेब्रुवारीत आहे, सगळेच ठेवतात. म्हटलं, एकाच्या पाया पडून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं? आपल्यात नाही चालत. — हो, ओहायोवाल्यांनी घेतला दुसरा मुलगा. आणि इथे नवा कोच आला, तर तो स्वतःची मुलं आणणार. किक मारायला लागतो तरी एकच.

काय? छे, रडत नाहीये. कांदा चिरत होते मघाशी.

सकाळी फोनवर आवाज किती साधा होता कोचचा, भावजी. सुरुवात तशीच, ‘मॅम’. म्हणाले, पहिला फोन तुम्हालाच करतोय, टीमलासुद्धा माहीत नाही — संध्याकाळी टीव्हीवर सांगणार आहे, तोवर मुलाला बोलू नका, माझ्या पोरांना माझ्याच तोंडून कळू दे. आणि मी काय म्हटलं? बरं म्हटलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. शब्द दिला ना मी. सकाळपासून भांडी घासते तरी कानात तोच आवाज, देवापाशी उभी राहते तरी तोच — अगदी मायेने बोलले हो, तेच जात नाहीये डोक्यातून — आणि बाहेर हा, त्यांच्यासाठी पाय गरम ठेवतोय.

तुम्हालाही सांगणार नव्हते.

थांबा. पायरीवर बूट झटकतोय. तुम्ही निघा आता — नाही, चहा नको, पुढच्या दाराने जा. तुमचा चेहरा बघितला की त्याला कळेल. माझा सकाळपासून बघतोय, काही कळलं नाही त्याला.