शेषशायीचं घोरणं

—नाय नाय, घंटेला हात लावू नका दादा! फडकं काय उगाच गुंडाळलंय का तिला? चातुर्मास हाय, देव झोपलाय, कार्तिकीशिवाय उठायचा नाय. बसा हितं पायरीवर. शेलूवरनं आलात ना, ते व्हिडिओ बघून? समदे त्यासाठीच येतात — शेषशायीचं घोरणं ऐकायला. जेवणं झाली की सुरू होतं. आता? आता कसं होईल, मी तर हितं तुमच्याशी बोलत बसलोय — म्हंजे — मी लडकू, देऊळ झाडतो, तर मी बाहेर असलो की देव... हसताय काय?

बरं, ऐका. पण गावात बोलायचं नाय. यंदा आषाढी झाली आन् बायकोनं, हिरूनं, मला घराबाहेर काढलं. का? घोरतो म्हणून! म्हणाली, खोपोलीच्या कारखान्याचा भोंगा परवडला, तो थांबतो तरी. मग जाऊ कुठं? गाभाऱ्यात शेषाच्या मागं भिंतीलगत बोळ हाय, एक माणूस आडवा पडंल येवढा. गारेगार. पडलो. उठून बघतो तर उंबऱ्याबाहेर ही गर्दी, हात जोडून! आता सांगू कुणाला? फसलो ना!

आन् गर्दीत पुढं कोण? हिरू! म्हणे, "देव कसा गोड घोरतो गं, नायतर आमचं ध्यान!" हसावं का रडावं? रोज येते, पण मी झोपलेला, मला दिसणार कशी? एकदा तिला बघायला म्हणून जागा राहिलो — तर घोरणं नाय म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी खोटं घोरलो, तर शेजारच्या गोदाकाकूला म्हणते, "आज देवाचं पोट बिघडलंय वाटतं." काय करायचं माणसानं? आठवण येते हो तिची. भांडखोर हाय, पण घर तिच्यामुळं घर वाटतं.

जेवायचं? त्याची ददात नाय. उठलो की उशाला डबा असतो. नैवेद्य, दुसरं काय! गाभाऱ्यात माझ्याबिगर कुणी पाय ठेवत नाय, तरी कुणी भाविक ठेवून जातो. तांदळाची भाकर, कांदा, सुकटीची चटणी, तिखट, मला लागते तश्शी —

थांबा. चातुर्मासात देवाला सुकट, सुकी मासळी? आन् ती बी मागं, बोळात?

अगं हिरू...

उठा दादा, उठा! काय बघताय? घोरणं-बिरणं काय नाय आज. देव घरी झोपायला चाललाय.