सुरंगीच्या डेगीचं झाकण

नको नको, हात मिळवू नका, कणीक लागलीय! पोरीचा निकाह अर्ध्या तासावर आलाय आणि बाप इथे बिर्याणीच्या डेगींची झाकणं लिंपत बसलाय... अकराच्या अकरा! का? तर गेल्या महिन्यात एक झाकण चांगलं बसवलं म्हणून! बसा, हात गुंतलेत, तोंड मोकळंच आहे. तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं कुवेतला बॉयलरवर काढली मी, अठ्ठावीस! माझ्यासमोर शिट्टी मारायची वाफेची हिंमत नव्हती.

तर माझी हुदा, आजची नवरी हो, निघालीय मस्कतला. म्हणाली, "अब्बा, सोनं नको, आप्पांच्या सुरंगीचं अत्तर द्या. तिथे घरचा वास येईल." आता शेजारच्या आप्पांच्या बागेत सुरंगी एकच, आणि बहर संपत आलेला! बाजारची बाटली आणली, तर हुंगून म्हणते, "ह्याला साबणाचा वास येतोय." म्हटलं, घरीच गाळू, त्यात काय? डेगीत फुलं नि पाणी, वर झाकण, झाकणाला नळी, नळी गार पाण्यातून बाटलीत. झालं!

पण झाकण! त्याला आहे पोचा. हुदाच्या अकीक्याच्या, म्हणजे आमच्यातल्या बारशाच्या, जेवणात पडलं होतं... कोणाच्या हातून ते विचारू नका. बरं, माझ्याच.

पहिल्या दिवशी रबर कापून लावलं. वाफ राहिली आत, पण बाटलीत उतरलं ते हुंगून आप्पा म्हणतात, "अकबरशेठ, एस्टीचा टायर उकळलात काय हो?" मला! अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला! दुसऱ्या दिवशी लाल माती लिंपली. तडकली! भसाभसा वाफ, अख्खी वाडी घमघमतेय आणि बाटली कोरडी. लोक कुंपणाच्या गडग्यावरून, "वा, काय वास!" अरे, तो वास मस्कतला जायचाय, तुमच्या नाकात नाही! तिसऱ्या दिवशी कोणी म्हणालं, पीठ लावा. आपण कोकणातली माणसं, पीठ म्हटलं की हात तांदळाच्या डब्यात! मळलं, लावलं, वाळलं... आणि करपलेल्या भाकरीसारखं सुटून खाली. आप्पा म्हणाले, "आता शेवटची फांदी राहिली हो. उद्या काढू, परवा झाडावर काही नाही." डोकं धरून बसलो मी पडवीत.

तेवढ्यात आमची बायको रझिया, शांतपणे, "काय ओ, ह्याच डेगीत चोवीस वर्षं बिर्याणीला दम लावतेय मी. एकदा तरी वाफ गेली?"

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही विचारलंत? तुम्ही बॉयलरवाले!"

चौथ्या दिवशी शेवटच्या फांदीची फुलं डेगीत पडली आणि गव्हाची कणीक मळली तिने, सैलसर. अंगठ्याएवढी वळी केली. आणि तुम्हाला सांगतो, न बघता तिचं बोट बरोबर त्या पोच्यावर गेलं! चोवीस वर्षं ते बोट तिथे फिरतंय, आणि मी तिकडे परक्यांची झाकणं बसवतोय... म्हटलं, "दे, मी लावतो. तू सांग." "इथे दुहेरी लावा. दाबा. आता ओल्या फडक्याची पट्टी." लावली!

चूल मंद. कणीक फुगली, तांबूस झाली... तडकते? तडकते?... नाही तडकली! एक रेघ वाफेची नाही! आणि नळीतून टप्... टप्... बाटलीत पाण्यावर सोनेरी तवंग! हुदाने बोट बुडवलं, मनगटावर लावलं, डोळे मिटले. "अब्बा, हेच!" नाचलो मी! आप्पा नाचले, गुडघे धरून!

सगळ्या वाडीला रझिया काय सांगते? "झाकण ह्यांनी बसवलं. अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर होते ना!" जन्मात पहिल्यांदा हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं हो, त्या कणकेसारखा फुगलो मी. आणि आज आचारी म्हणाला, लिंपायला माणूस कमी आहे, तर बाईसाहेबांनी बोट केलं माझ्याकडे!

काय? काझीसाहेब आले? मुलीचा बाप कुठाय विचारतायत? अजून दोन झाकणं आहेत हो... सांगा त्यांना, बॉयलरवर आहे म्हणावं.