तुझा, तुझा

आई : हात वर कर. वर म्हणजे वर, चेंडू अडवताना करतेस तसा. बगलेत पार उसवलीय जर्सी. कुणी ओढली?

धाकटी : मीच. गोल झाल्यावर.

आई : वा. सामना हरायचा आणि राग कापडावर काढायचा.

थोरली : हरलो नाही गं. जिंकलेला सामना बरोबरीत सोडवला. सांग ना ठमे, कसा ते.

धाकटी : तू सांग. कप्तान तू आहेस.

थोरली : गोलकीपर तू आहेस. आधी तू.

आई : कुणीही सांगा, पण हलू नका. सुई टोचेल.

धाकटी : संपतच आला होता सामना. त्यांनी लांबून चेंडू मारला, आभाळाएवढा उंच. तो नेमका आमच्या दोघींच्या मधे उतरायला लागला. ताई मागे धावत आली, मी पुढे गेले. मी म्हटलं, "तुझा."

थोरली : आणि त्याच क्षणाला मी म्हटलं, "तुझा."

धाकटी : दोघी थांबलो.

थोरली : चेंडूनं एक टप्पा घेतला, आमच्या मधून पाहुण्यासारखा सावकाश आत गेला आणि जाळीत जाऊन बसला.

आई : म्हणजे लाथ कुणी मारलीच नाही त्याला?

थोरली : कशाला मारतील? आम्ही दार उघडून, "या, बसा" म्हणत उभ्या होतो.

धाकटी : त्यांच्या पोरीसुद्धा हसत होत्या.

थोरली : कोचबाई म्हणाल्या, "माझा, माझा" करत दोघी एकमेकींवर आपटलेल्या खूप पाहिल्या. "तुझा, तुझा" म्हणून खाल्लेला गोल आजच पाहिला. हे संस्कार घरी ठेवून येत जा म्हणाल्या.

आई : माझ्यावर घसरल्या होय?

धाकटी : बरोबरच आहे त्यांचं. जेवायला बसलं की तूच म्हणायला लावायचीस. "आधी ताट ताईचं, मग ताट माझं..."

थोरली : "...वाटून खाल्लं की हलकं होतं ओझं."

आई : मग काय करू? एक खोली, एक मशीन, दोन पोरी. तुम्ही भांडत बसला असता तर मी लोकांचे कपडे शिवले असते की तुमचे न्यायनिवाडे केले असते?

थोरली : कुणी नावं ठेवतंय का तुला? पण शनिवारचा सामना शेवटचा. अख्खा सीझन धडपडत काढलाय. जिंकलो तर वरच्या गटात राहू, नाहीतर खालच्यात जाऊ. तिथं धड मैदान नाही की धड पंच नाही. माझं काय, माझं कॉलेज संपलं, मी मोकळी. खेळायचंय हिला.

धाकटी : मोकळी म्हणे.

थोरली : ठमे, माझ्याकडे बघ. पुढच्या वर्षी "तुझा" म्हणशील तेव्हा समोर मी नसेन.

धाकटी : तेच तर. "माझा" म्हणायला तोंड उघडलं की वाटतं, तू आत्ताच गेलीस.

थोरली : वेडाबाई. मी नोकरीला लागतेय, चंद्रावर नाही चालले.

आई : थांब, दोरा तोडू दे. हं. हे बघ ठमे, शिवायला दहा हात लागू देत, मी नाही म्हणत नाही. पण कात्री एकाच हातात लागते. दोघींनी धरली की कापडाची चिंधी होते.

थोरली : ऐकलंस? चेंडू खाली येतो तेव्हा कात्री तुझ्या हातात. तू हाक दे, मी बाजूला होते.

धाकटी : आणि नाही झालीस तर?

थोरली : तर आपटू. कोचबाईंचा जीव तरी थंड होईल.

(शनिवारची संध्याकाळ. तीच खोली. मशीनवर झाकण, आई सफरचंद चिरतेय.)

आई : बघू नाक. अगं बाई, टोमॅटो झालाय नुसता. कुणाचा प्रताप?

थोरली : तुझ्या धाकटीचा. कोपर घातलं.

धाकटी : मी आधी ओरडले होते.

थोरली : ओरडली? पलीकडच्या मैदानावरचा खेळ थांबला. "माझाऽऽ" म्हणून अशी बोंब ठोकली की मी दचकून बाजूला व्हायचंच विसरले.

धाकटी : पण चेंडू नाही सोडला मी.

थोरली : नाही सोडला. मी खाली, ही माझ्यावर आणि हिच्या पोटाशी चेंडू. अंड्यावर कोंबडी बसावी तशी बसून राहिली, शिट्टी होईस्तोवर.

आई : मग? जिंकलात?

धाकटी : एक-शून्य. गोल ताईचा, डोक्यानं मारलेला. वरच्या गटात राहिलो.

थोरली : अगदी शेवटच्या पायरीवर. पण पायरी वरच्या माडीची.

आई : आणि कोचबाई?

थोरली : बर्फ लाव म्हणाल्या. आणि हसल्या. या सीझनमध्ये पहिल्यांदाच.

धाकटी : ताई, खूप दुखतंय?

थोरली : दुखतंय. छान दुखतंय.

धाकटी : पुढच्या वर्षी येशील ना बघायला? नुसती कडेला उभी राहा.

थोरली : येईन. पण चेंडू वर गेला की माझ्याकडे बघायचं नाही.

धाकटी : नाही बघणार. खाली आल्यावर बघेन.

थोरली : बरं, एकच फोड उरलीय. घे, तुझी.

धाकटी : नको, तुला लागलंय. तुझी.

थोरली : अगं, सामना तू राखलास. तुझी.

आई : सरका दोघी. माझी.